रामटेके काकांचा शनिवार

फिल्म सुरू करण्याआधी रामटेके काका पडद्यासमोर उभे राहून प्रेक्षकांना दम द्यायचे. "कंटाळा आला तर खुशाल घरी जा बाप्पा. पण बसलात तर गप बसा. ही माणसं लई वर्षांनी कोणाला तरी दिसून राहिली."

ही माणसं म्हणजे हातपंप हापसणारी बाई, सायकल पुसणारा पोस्टमन, गुरांना लस टोचणारा डॉक्टर. काका मूळचे भंडाऱ्याचे. सारी नोकरी दिल्लीतल्या एका सरकारी फिल्मसंग्रहात झाली. निवृत्तीनंतर ते आणि काकू दिल्लीतच, लक्ष्मीबाई नगरात मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. संग्रहात धूळ खात पडलेल्या छोट्या फिल्मांच्या प्रती ते परवानगी काढून आणत आणि क्वार्टरांमधल्या मैदानात दाखवत. बहुतेक फिल्मांचा आवाज गेलेला. मग काका स्वतः माइक घेऊन पडद्याशेजारून बोलत.

पडदा, प्रोजेक्टर आणि खुर्च्या माझ्या. पहाडगंजात माझं टेंट हाऊस आहे; लग्नकार्यांना मंडप, खुर्च्या, पडदे भाड्याने देतो. दिल्लीत आलो तेव्हा दुसऱ्याच्या खुर्च्या डोक्यावरून वाहत होतो. त्यामुळे कुणी घासाघीस करायला लागलं की माझं डोकं फिरतं. काका तर प्रत्येक गोष्टीवर अडून बसायचे.

"पडदा असा चुरगळलेला काहून आणला जी?"

"काका, आता इस्त्रीही मीच करू?"

"करा ना. त्या बाईच्या तोंडावर घडी येते."

मी चरफडत इस्त्री करून आणायचो. सहा वर्षं हेच चाललं.

गेल्या नोव्हेंबरात त्यांचा फोन आला. "या शनिवारी लावू."

"काका, लग्नाचा सीझन आहे. एक पडदा रिकामा नाही. पुढच्या शनिवारी बघू."

तासभर भांडायच्या तयारीनेच मी बोललो होतो. ते म्हणाले, "बरं जी. तुमचं बरोबर आहे."

म्हातारा पहिल्यांदा हरला, असं मी घरी हसत सांगितलं.

तो शनिवार तसाच गेला. पुढच्या बुधवारी काका गेले.

ठरलेला कार्यक्रम करायचाच, असं काकूंनी कळवलं. त्या शनिवारी संध्याकाळी पडदा बांधताना मी त्यांना म्हणालो, "आजारी आहे एवढं तरी सांगायचं होतं त्यांनी. एखाद्या लग्नाचा पडदा काढून आणला असता."

"मी म्हटलं होतं, सांगा म्हणून," काकू म्हणाल्या. "तर म्हणे, त्याच्या कमाईचे दिवस आहेत, राहू दे."

याचा मला अजून राग येतो. माझ्याशी प्रत्येक वेळी भांडलेल्या माणसाने नेमकं त्याच दिवशी का ऐकावं?

हातपंपाची फिल्म सुरू झाली. बाई हापसत होती, काहीतरी बोलत होती. आवाज नव्हता. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "भाऊ, तुम्ही तर प्रत्येक वेळी होतात. काका काय सांगायचे इथे?"

मी माइक उचलला. सगळे माझ्याकडे बघत होते. सहा वर्षं मी पडद्यामागे फोनवर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत बसलो होतो. एक वाक्य आठवेना.

मी माइक बंद केला आणि काकूंशेजारच्या खुर्चीवर बसलो. ती फिल्म त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिली.