क्लचबाईंचं अस्तर

आमच्या धाकट्या भावाची बायको लोकांना गाडी चालवायला शिकवते. म्हणजे ती ओरडते आणि गाडी घाबरून चालायला लागते. शिकवण्याच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. त्याची तिला इतकी सवय, की घरी सोफ्यावर बसलेली असताना टीव्हीवर कोणी वळणावर भरधाव आलं तरी तिचा पाय फरशी दाबतो. दिवसभर "क्लच! अहो, क्लच! क्लच म्हणजे डावीकडचं!" असा घोष चालतो, म्हणून सगळी गल्ली तिला क्लचबाई म्हणते. तिच्या हाताखालून परवाना घेऊन बाहेर पडलेली माणसं पुढे आयुष्यात कुणाला घाबरत नाहीत. भिण्याचा सगळा कोटा तिच्याकडेच संपलेला असतो.

अशा बाईचं एक मूल पोटातच गेलं. त्यानंतर पिशवी साफ करावी लागली. आठवड्याभरात ती पुन्हा गाडीत बसून ओरडायला लागली आणि आम्ही सगळे मूर्खासारखे म्हणालो, चला, सावरली.

मग तिची पाळी महिन्यागणिक आटत गेली आणि एकदाची थांबली. आमच्या आईनं दोन आणि दोन चार केले, दिवस गेलेत असं ठरवलं आणि तासाभरात सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. तपासणीच्या पट्टीवर एकच रेघ आली, म्हणजे दिवस गेले नव्हते. आई म्हणाली, "त्या एवढ्याशा कागदाला काय कळतंय?"

कागदाला कळत होतं. पाळी येत नव्हती, पण दर महिन्याला पोटात कळा मात्र वेळेवर येत होत्या. शेवटी क्लचबाई डॉक्टरांकडे गेली आणि जाताना नवऱ्याबरोबर मलाही गाडीत कोंबलं. मी म्हणालो, "अगं, तिथे माझं काय काम?"

"भाऊजी, आत काय चाललंय ते घरातल्या पुरुषांना एकदा कळू दे. दोन मुलींचे बाप आहात, तुम्हाला तरी कुठे माहीत आहे?"

माहीत नव्हतं, हे खरंच.

डॉक्टर निघाल्या तिच्याच जुन्या विद्यार्थिनी. चौकात गाडी बंद पाडून रडलेल्या. त्या हिला मॅडम म्हणायच्या, ही त्यांना मॅडम म्हणायची. मधे आम्ही दोघे भाऊ शाळेत बोलावून घेतलेल्या पालकांसारखे बसलो होतो. डॉक्टरांनी कागदावर पेरूसारखं काहीतरी काढलं. म्हणाल्या, गर्भाशयाच्या आत एक मऊ अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं, गळून पडतं, पुन्हा नव्यानं वाढतं. साफ करताना ते कधीकधी मुळापर्यंत खरवडलं जातं. मग समोरासमोरच्या दोन भिंती उघड्या पडतात आणि जखमा भरता भरता एकमेकींना चिकटतात.

"म्हणजे खोली बंद झाली?" क्लचबाईनं विचारलं.

"बरीचशी. दुर्बिणीतून चिकटलेलं सोडवता येईल. पण ते माझं काम, आणि ते सोपं आहे. अस्तर परत येणं महत्त्वाचं. ते मी शिवून देऊ शकत नाही."

"आणि नाही आलं तर?"

"तर भिंती पुन्हा चिकटू शकतात. पाळीही नाही आणि मूल राहणंही कठीण."

माझा भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. क्लचबाईचा पाय टेबलाखाली फरशी दाबत होता.

शस्त्रक्रिया झाली. आत भिंती वेगळ्या राहाव्यात म्हणून डॉक्टरांनी काही दिवस एक इवलासा फुगा ठेवला. आई म्हणाली, "फुगा? आत? कुणाचा वाढदिवस आहे?" क्लचबाई हसली आणि कळवळली. "आई, हसवू नका हो, फुगा दुखतो." फुगा निघाल्यावर गोळ्या सुरू झाल्या, अस्तराला वाढण्याचा निरोप देणाऱ्या. त्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. आराम बेताचा, जेवण नेहमीचं आणि वाट बघणं.

वाट बघणं! जी बाई समोरचा दिवा हिरवा होण्याआधीच शिकणाऱ्याच्या खांद्यावर टिचकी मारते, तिला! ती घरभर फिरायची, मधेच थांबायची आणि पोटाकडे बघून आतल्या पिशवीला म्हणायची, "काय गं, जागी आहेस का?" आतून उत्तर नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं ओरडणं ऐकून घेत नव्हतं.

पुढच्या भेटीत तिनं डॉक्टरांना अभिमानानं सांगितलं, "मॅडम, मी गोळ्या दुप्पट केल्यात. म्हटलं, काम लवकर उरकेल."

डॉक्टरांच्या हातातला पेन खाली आला. "कधीपासून?"

"परवापासून. जरा मळमळतंय, पण चालतंय."

"चालत नाही. जास्त गोळ्यांनी अस्तर लवकर येत नाही, रक्ताच्या गुठळीचा धोका मात्र वाढतो. पाय दुखतोय? सुजलाय? दम लागतो?" सगळं नीट विचारून, तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, पहिल्या दिवशी मी थेट चौथा गिअर टाकायला गेले, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

"ते इथे नको."

"भाऊजींसमोर नको, ठीक आहे. पण तेच मी तुम्हाला म्हणतेय असं समजा."

घरी आल्यावर गोळ्यांचा डबा क्लचबाईनं स्वतःच नवऱ्याकडे दिला. "तुम्ही द्या. माझा माझ्यावर भरवसा नाही." तो बिचारा नेमानं एकेक गोळी तळहातावर आणून द्यायचा आणि ती गिळेपर्यंत समोर उभा राहायचा.

गोळ्यांचा क्रम संपल्यावर एका सकाळी न्हाणीघरातून आरोळी आली, "आली! अहो, आली!" वरच्या मजल्यावरची मंडळी नळाला धार आली समजून बादल्या घेऊन धावली. जिचं नाव आमच्या घरात आजवर कुजबुजूनही निघालं नव्हतं, तिची दवंडी अशी चार मजल्यांवर पिटली गेली. आई रडायलाच लागली. मी पेपरमागे तोंड लपवलं आणि बराच वेळ एकच ओळ वाचत राहिलो.

पण डॉक्टर म्हणाल्या, पाळी आली हे चांगलं. आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. पुन्हा दुर्बीण ठरली. त्या दिवशी गाडीत क्लचबाई एकदाही ओरडली नाही. भावानं दोनदा चुकीचा रस्ता घेतला, तरी नाही.

तपासणी झाल्यावर आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरांनी पडद्यावर आधी जुनं चित्रण लावलं. करड्या पांढऱ्या दोऱ्या, वरपासून खालपर्यंत ताणलेल्या. एखाद्या बंद पडलेल्या गोदामासारखं. मग नवं.

मी मान फिरवायच्या तयारीत होतो. फिरवली नाही. दोऱ्या नव्हत्या. मोकळी जागा होती आणि तिच्या भिंतींवर ओलसर, गुलाबी, इतकं कोवळं काहीतरी पसरलं होतं, की आपण चपला घालून आत आलो असं मला वाटलं. ठिकठिकाणी बारीक लाल रेषा पोहोचल्या होत्या. उरलेल्या चिमूटभर मुळापासून ते कडेकडेनं सरकत आलं होतं. आम्ही घरात भांडत होतो, जेवत होतो, घोरत होतो, तेव्हा. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही, काही मागितलं नाही. आयुष्यभर बायकांच्या मधे वावरलो आणि प्रत्येकीच्या आत दर महिन्याला हे चालतं, याची मला गंधवार्ता नव्हती.

"हे सगळं कुणी केलं?" क्लचबाईचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"तुमच्याच शरीरानं. आम्ही फक्त भिंती वेगळ्या ठेवल्या."

"मला न विचारता?"

"तुम्हाला न विचारता."

मग डॉक्टरांनी एक कोपरा दाखवला. तिथे अजून फिकट होतं, पातळ. म्हणाल्या, हा भाग येईल की नाही, सांगता येत नाही. आणि मूल राहीलच असंही मी म्हणणार नाही. पण खोली उघडी आहे. थोडं थांबून प्रयत्न करायला हरकत नाही.

भावानं विचारलं, "म्हणजे किती थांबायचं?"

क्लचबाईनं त्याचा हात धरला. नजर पडद्यावरच्या त्या फिकट कोपऱ्यावर होती.

"अहो, शांत बसा ना जरा," ती हळूच म्हणाली. "तिचं काम चाललंय."