वैशूचे हात मी बांधले

"सिस्टर, तुमच्या लोकांना कोट्यातून शिकवलं की लगेच डॉक्टर व्हायची घाई होते!"

भरल्या ओपीडीत डॉक्टर मला हे बोलले. तुमचे लोक म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं. कुणीतरी हसलंसुद्धा. माझ्या हातातला कागद त्यांनी ओढला आणि न वाचताच बादलीत टाकला. रक्ताने माखलेल्या बोळ्यांवर.

नव्वद सालानंतरची गोष्ट. अंबरनाथच्या एका खासगी दवाखान्यात मी नर्स होते. उल्हासनगरच्या कॅम्पातून यायचे. वैशू सात वर्षांची, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली. महिन्यातून एकदा तरी काहीतरी फोडून घेऊन यायची. कधी गुडघा, कधी कपाळ. वर्गात बसत नाही, बाकांवरून उड्या मारते म्हणून बाई तिला बाहेर उभं करायच्या. आता तर शाळेने बजावलं होतं, मुलगी ठीक आहे अशी डॉक्टरांची चिठ्ठी आणा, नाहीतर नाव काढतो.

अहो, डॉक्टर तिला दोन मिनिटं बघायचे. मी तासन्‌तास बघत होते. एकदा तिच्यासमोर कापसाचा रोल ठेवला आणि म्हटलं, "वैशू, मला बोळे करून दे. दहा झाले की सांग." तर बसली की पोरगी! दहा झाले की उठायची, एक चक्कर मारायची, परत बसायची. द्वाड नव्हती ती. तिला थांबताच यायचं नाही, एवढंच. ट्रेनिंगमध्ये मानसोपचार विभागात ड्यूटी होती, तेव्हा अशी मुलं मी पाहिली होती. अतिचंचलता म्हणतात त्याला. उपचार असतात. ती कशाने बसते, कशाने बिथरते, सगळं मी कागदावर लिहिलं आणि तिच्या आईला म्हटलं, "वहिनी, मुंबईला मुलांच्या मनाचे डॉक्टर असतात, त्यांना हे दाखवा." हाच माझा गुन्हा.

"बांधा तिला," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी वैशूच्या कपाळाला टाके घालायचे होते. आमच्याकडे तीच पद्धत. वळवळणारं पोर असलं की मनगटं बँडेजने पलंगाला बांधायची.

सर, नको, मी धरते, माझं ऐकते ती, असं म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. नोकरीची भीती होती. मी बांधलं. वैशू ओरडली नाही. हळूच म्हणाली, "सिस्टर, मी बोळे करते ना. सोडा ना."

सैल गाठ पुरली असती. मी घट्ट मारली. राग डॉक्टरांवरचा होता, काढला तिच्यावर. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठीत 'मंदबुद्धी' लिहिलं. शाळेने नाव काढलं.

टाके काढायला आली तेव्हा तिच्या आईने हे सांगितलं. बिचारी रडत होती. मला बघून वैशू आईच्या मागे गेली आणि दोन्ही हात पाठीशी लपवले. डॉक्टरांनी मला माझी जागा दाखवली, आणि मी? मी माझ्याहून खाली कोण आहे ते शोधलं. सात वर्षांची पोर सापडली.

"सिस्टर, बांधा तिला!" डॉक्टरांनी आतून हाक दिली.

"नाही बांधणार, सर."

"काय?"

"बांधणार नाही. आणि ती मंदबुद्धी नाही. उद्या मी तिला मुंबईला घेऊन जाणार आहे."

"उद्या ड्यूटी आहे तुमची."

"माहीत आहे."

नोकरी गेली. मुंबईच्या डॉक्टरांनी मी लिहिलं होतं तेच सांगितलं, औषध सुरू केलं. शाळेने मात्र तिला परत घेतलं नाही. मुंबईला गेलो त्या दिवशी रस्ता ओलांडतानाही वैशूने माझा हात धरला नाही. मी माफी मागितली. तिने दोन्ही हात परत पाठीशी लपवले. बरोबरच केलं तिने.

पुढे तीन दवाखाने बदलले. जाईन तिथे पहिल्याच दिवशी सांगते, मूल बांधायचं असेल तर दुसरी नर्स बघा. आणि मला जे दिसेल ते मी आईबापांना सांगणारच, खुर्चीत कुणीही बसलेलं असो. काहींनी मला दारातूनच परत पाठवलं. पाठवा.