मुठीतले मूग आणि जंतूंच्या आतलं लोखंड

हट्ट्याच्या माझ्या शेतात खिल्लारे सर पहिल्यांदा आले, ते मुळं बघायला. वसमतच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवतात. माझे मालक वारून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. "बाई, मुगाच्या मुळांवरच्या गाठी पाहायच्यात. एक रोप उपटू का?" मालक गेल्यावर शेतातल्या गोष्टीसाठी मला विचारणारे ते पहिलेच.

त्या गाठींतले जंतू हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. त्यांच्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं आणि त्या विकरात लोह व मॉलिब्डेनमच्या अणूंचा पुंजका. तो नसेल तर विकराचं काम बंद. सर हे सांगू लागले की कॉलेजातले सहकारी चिडवत, "काहो, जंतूच्या पोटात लोहाराचा भाता बी हाय का?" सर हसत. "भाता न्हाई, भट्टी न्हाई, तरी काम करून राहिलेत. नवल तेच हाय." पुंजका नेमकं कसं काम करतो हे अजून पुरतं उमगलेलं नाही, हेही ते मोकळेपणी सांगत.

सरांनी जंतूंची पूड दिली. गुळाच्या पाण्यातून बियाण्याला चोळायची आणि बियाणं सावलीत सुकवायचं. माझ्या थोरल्या दिरांनीही पूड चोळली, पण आपलं बियाणं रिवाजाप्रमाणे उन्हात पसरलं. मी तिफणीच्या चाड्यावर, बी सोडायच्या वाडग्यावर, मूठ धरायला निघाले तर तेच आडवे आले. "विधवेच्या हातचं उगवत न्हाई. शेत मला कसायला दे."

सर बांधावर उभे होते. म्हणाले, "दादा, जंतू कपाळ बघत न्हाईत."

मी पेरलं.

फुलोऱ्यात सरांनी दोन्ही शेतांतली रोपं उपटली. माझ्याकडच्या गाठी भरदार, आतून तांबूस. दिरांकडच्या थोड्या आणि फिक्या. जमलेल्या बायका म्हणाल्या, "हिच्या हाताला गुण हाय!" मला ते गोड वाटलं. सरांनी तेही चालू दिलं नाही. "हातात गुण न्हाई, दोष बी न्हाई. तिकडचे जंतू उन्हानं मेले."

दीर म्हणाले, "मंग औंदा चुकलं. फुडल्या साली सावलीत सुकवतो."

"सुकवा," मी म्हणाले, "तुमच्या शेतापुरतं."

तिफणीमागं चालताना मालकांची आठवण येते. तरी मूठ मीच धरते.

सरांना साठावं लागलं, म्हणून हा सत्कार. शाल द्या, नारळ द्या. पण प्रयोगासाठी कॉलेजात एक खोली मागून मागून ते थकले, तेव्हा गप्प बसलेलेही मंडपात पुढं बसतील. त्यांना म्हणते, आधी खोली द्या.

सर, आपण शंभरी पाहावी, धडधाकट राहावं. खोली मिळेपर्यंत प्रयोगाला माझं शेत आहे. ते माझ्याच हाती राहील, तेवढं माझ्याकडं लागलं.