माझ्या मळ्यातलं पाणी

नगरला कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्हाला वीज शिकवत होते. तारेला दोन फाटे फुटले की प्रवाह कसा वाटला जातो, हे माझ्या बाकावरच्या भिंगारच्या मित्राला कळेना. तास सुटल्यावर मी त्याला म्हणालो, "मळ्यात दोन वाफ्यांची दारं एकदम उघडली की पाटाचं पाणी वाटून जातं. तसंच हाय हे."

दुसऱ्या दिवशी सरांनी तेच विचारलं. तो उठला आणि माझे वाफे शुद्ध भाषेत सांगून मोकळा झाला.

"वा! शेतकऱ्याचा मुलगा दिसतोस," सर म्हणाले.

त्याचे वडील कचेरीत कारकून होते. त्यानं जन्मात कधी पाण्यावर दारं धरली नव्हती. माझा जळफळाट झाला.

"आता एका दारात दगड ठेवला तर?" सरांनी विचारलं.

तो माझ्याकडे पाहू लागला. त्या वाफ्याला पाणी कमी जाईल, दुसऱ्याला जास्त, हे मला ठाऊक होतं. पण मी वहीत मान घातली.

खाली बसता बसता तो कुजबुजला, "लेका, दगडाचं सांगितलंच नव्हतंस."

"मळा आता तुझाच हाय न्हवं," मी म्हणालो. "तूच बघ."