झाकली मूठ

दातांच्या डॉक्टरला स्वतःचे दात नसले तरी चालतं, मनगटं मात्र लागतात. माझे दात आता कपात असतात, म्हणून खात्रीनं सांगते. तरुणपणी मात्र हे ज्ञान मला बर्फात तोंडावर पडल्यावर झालं.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. देश सोडून बेलव्ह्यूत आल्यावर मी डेंटल कॉलेज पुन्हा केलं होतं आणि येत्या गुरुवारी लायसनची प्रॅक्टिकल परीक्षा होती. नापास झाले तर सगळं मुसळ केरात. त्याआधीच्या शनिवारी ह्यांच्या ऑफिसची मंडळी स्कीइंगला निघाली. हे म्हणाले, तू लॉजमध्ये उबेला बस, थर्मास सांभाळ, हात जप. बोलणं शहाणपणाचं होतं, म्हणूनच मला झोंबलं. मी जुन्या गोधडीचे तुकडे पँटच्या आतून बुडाला आणि गुडघ्यांना शिवले आणि डोंगरावर पोचताच स्नोबोर्ड भाड्यानं घेतला.

दोन्ही पाय एकाच फळीला बांधून घसरायचा हा प्रकार तेव्हा नवीनच होता. उतारावर वळून, थांबून दाखवल्याशिवाय शिखराकडे नेणाऱ्या लिफ्टच्या पाळण्यात बसू देत नसत. शिकवायला एक च्युइंगगम चघळणारी पोरगी होती. तिनं आधी पडायला शिकवायला घेतलं. मला अपमान वाटला. कॉलेजच्या खो-खोत खांबाकडे सूर मारण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं! मी तिचं ऐकलंच नाही, निघाले, आणि बोर्ड अडकताच खांब दिसल्यासारखे दोन्ही तळवे पुढे पसरून सूर मारला.

उजव्या मनगटातून कळ गेली ती थेट गुरुवारपर्यंत.

पोरीनं मला उठवलं नाही. शेजारी बसून एकेक बोट हलवायला लावलं. सगळी हलली. मग म्हणाली, "हात पसरलास की मनगट जातं. पडणार असं वाटलं की मुठी मीट. पुढे पडलीस तर कोपरापर्यंतचा हात टेकव, मागे पडलीस तर बूड. हनुवटी छातीला."

म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. ही म्हण मी निबंधात किती वेळा घातली असेल, पण बर्फात घालायची असते हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी हट्टाला पेटले. उतार सोडला आणि सपाट जागी मुद्दाम पडत राहिले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. तळवा उघडला की ते पडणं बाद. स्कीवरून जाता जाता हे थांबले.

"अगं, काय चाललंय?"

"पडायची प्रॅक्टिस."

"त्याला प्रॅक्टिस कशाला? तुला उपजतच येतं."

दुपारनंतर मी उतारावर गेले. वळले, थांबता थांबता कुणीतरी आडवं आलं आणि मी आपटले. पोरगी वरून ओरडली, "हात?" मी दोन्ही मुठी वर केल्या आणि हळूच उघडल्या. तिनं मला पास केलं. लिफ्टकडे मी एकदा पाहिलं आणि बोर्ड परत केला. गुरुवार अजून बाकी होता. लॉजमध्ये हे माझ्या आधीच बसलेले, अंगठा सुजलेला. पडताना स्कीची काठी सोडली नव्हती. मी अंगठ्यावर बर्फ बांधला आणि थर्मास त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, सांभाळा.

गुरुवारी परीक्षकांनी स्टूल पुढे सरकवलं. मी म्हटलं, मला उभ्यानं काम करायची सवय आहे. शेवटपर्यंत उभीच राहिले, हात जरासुद्धा हलला नाही. पास झाले.

मनगटं शाबूत होती हो. गोधडीच पातळ पडली होती.