चिंकाऱ्याच्या पायाची पट्टी

झुंबरबाई रागावल्या की बोलत नसत, कातडं खरवडत. दौंडच्या अलीकडं ओढ्याकाठी त्यांचे कातडं कमावायचे दोन हौद होते. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता हौद बुजतात. बाईंनी काष्टा घट्ट केला आणि सासऱ्याची कातडं खरवडायची रापी हातात घेतली. हलगीचं, ढोलाचं, संबळाचं कातडं पार पाटसपासून त्यांच्याकडं येई. रोज सकाळी हौदाच्या कडेला हळदकुंकू वाहिल्याशिवाय त्या पाण्यात हात घालत नसत. देवळात त्यांना कुणी पुढं बोलावलं नव्हतं, आणि त्याही कधी बोलावण्याची वाट बघत बसल्या नाहीत.

अठ्ठ्याण्णव सालच्या पौषात भांडगावजवळ हायवेवर एका चिंकारा हरणाला गाडीची धडक बसली. लंगडत लंगडत तो धनगरवस्तीवरच्या खंडोबाच्या पायरीपर्यंत आला आणि तिथंच गेला. वस्तीवरचे म्हातारे तात्याबा म्हणाले, "देवाच्या दारात येऊन मेलाय, साधासुधा न्हाई ह्यो." मग काय, अख्ख्या वस्तीनं त्याच्यावर भंडारा उधळला. हार घातले, दीड दिवस आरत्या झाल्या. वनखात्यानं पंचनामा केला, आणि जवळच्या शाळेनं रीतसर अर्ज देऊन तो पेंढा भरून ठेवायची लेखी परवानगी मिळवली. शाळेचे अध्यक्ष मारुतराव यांनी नवं विज्ञान दालन बांधलं होतं. सव्वीस जानेवारीला उद्घाटन होतं, आणि दारातच हरिण उभं पाहिजे होतं.

टेम्पो हौदावर आला, बरोबर मारुतरावही आले. चिंकारा पिवळाधमक, जणू लग्नाच्या हळदीतून उठून आलेला. झुंबरबाईंनी पोटाचे केस चिमटीत धरून हळूच ओढले. दोनच हाताला आले.

"थंडीनं वाचवलंय," त्या म्हणाल्या. "उन्हाळा असता तर आत्ता मूठभर आले असते. दीड दिवस मिठाशिवाय ठेवलं? आरतीच्या आधी मीठ लावायचं कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

"देवाचं काम होतं बाई," मारुतराव हसले.

"देवाला मीठ वर्ज्य न्हाई, आप्पा."

टेम्पोबरोबर आलेले शाळेचे विश्वजीत सर पुण्याला एका संग्रहालयात तीन महिने पेंढा भरायचं शिकून आले होते. पोरगा चांगला होता, पण अध्यक्षांसमोर त्याची मान आपोआप खाली जायची. त्यानं विचारलं, "मावशी, कसं कमवणार?"

"बाभळीची साल घाला," मारुतराव मध्येच म्हणाले. "एकदम पक्कं. माझ्या आज्याच्या मोटेला तुमच्याच सासऱ्यानं कमावलेलं कातडं होतं. चाळीस वर्षं टिकलं."

"मोटेला केस नव्हते, आप्पा. साल चढली की पांढरं पोट तांबडं हुतंय, मग हरिण म्हणायचं का कोल्हा? चुना तर दाखवायचाच न्हाई, चुना केसच काढतोय. ह्याला तुरटी. तुरटी, मीठ, ज्वारीचं पीठ आन् करडीचं तेल. केस जागच्या जागी, पोट पांढरं. पण तुरटीची एकच अट हाय, पुन्ना पाणी दाखवायचं न्हाई. पाणी लागलं की तुरटी निघून जाती आन् कातडं कच्चंच्या कच्चं."

"आणि हे पिवळं?"

"कोंड्यानं झाडते. राहिलेलं ऊन खाईल. हळद उन्हापुढं टिकत न्हाई. पंधरा दिवस कवळं ऊन दावा, आपोआप जातंय."

"पंधरा दिवस कुठले?"

"मग पिवळं राहू द्या. भंडाराच हाय, काय वाईट हाय?"

मारुतराव हसले नाहीत.

दहा दिवस बाई त्या कातड्यापासून हलल्या नाहीत. ते सोलून आतली बाजू खरवडली, तुरटीचा लेप चढवला, घडी घालून ठेवलं, परत उलगडलं, परत चढवला. सासऱ्याची एक रीत त्यांनी कधी मोडली नव्हती. प्रत्येक कातड्याच्या मागच्या पायाची बोटभर पट्टी कापून वेगळी ठेवायची, आणि कातड्याला जे जे करायचं ते ते तिलाही करायचं. कातडं मुरलं का, ते पट्टी चिरून बघायचं. मूळ कातड्याला सुरी लावायची नाही.

बावीस तारखेला त्या नातवाच्या बारशाला शिरूरला लेकीकडं निघाल्या. कातडं माळ्यावर उन्हाच्या तिरिपेत ताणलं होतं. पेंढा भरायला ते नेणाऱ्या सरांना दोनदा बजावलं, "पाणी न्हाई. कुणी काहीबी सांगू द्या, पाणी न्हाई."

सव्वीसच्या सकाळी त्या एसटीतून उतरल्या. माळा रिकामा होता. पट्टी तेवढी खिळ्याला लटकत होती. ओढ्याच्या पलीकडून शाळेचा भोंगा ऐकू येत होता, आणि भोंग्यावर मारुतराव जमलेल्या गावाला सांगत होते, "हरणात थोडा दोष राहिला, त्याबद्दल क्षमा असावी. कातडं कमावणाऱ्या बाईंचं वय झालं, हात आता पहिल्यासारखा चालत नाही."

झुंबरबाईंनी पिशवी खाली ठेवली. बारशाचे पेढे देवापुढं ठेवायचे होते, तेही राहिले. खिळ्यावरची पट्टी काढली आणि ओढा ओलांडला.

दालनाच्या दारात चिंकारा उभा होता. पोट पांढरं झालं होतं, कारण पोटावर केसच नव्हते. तळहाताएवढ्या दोन जागा, उघड्या, मेणचट. बाईंनी हात लावला तर आणखी एक झुपका बोटात आला.

"कशानं धुतलं?" त्यांनी सरांना विचारलं. आवाज वर नव्हता.

सरांनी मान खाली घातली. "गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. अध्यक्ष म्हणाले, पिवळं हरिण पाव्हण्यांना दाखवायचं नाही."

मारुतराव लगबगीनं पुढं आले. "बाई, चला, चहा घ्या. हे नंतर बघू."

"नंतर न्हाई." एरवी रागात न बोलणाऱ्या बाईंनी पट्टी टेबलावर फुलांच्या शेजारी आपटली. "ओढून बघा. ह्याच हरणाचा पाय हाय. ह्याच तुरटीत मुरलाय, माझ्याच हातानं. ओढा केस!"

मारुतरावांनी हात लावला नाही. एका मास्तरीणबाईंनी ओढून बघितलं. एक केस आला नाही.

"हात चालत न्हाई म्हणे! तुमची जीभ किती चालती ती बघा. दीड दिवस मिठाशिवाय ठेवलेलं कातडं मी मरू दिलं न्हाई, आन् तुम्ही एका सकाळीत त्याला बादलीत बुडवून मारलं. मला इचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पिवळं तर पिवळं! देवाची हळद होती ती, घाण नव्हती."

"चूक झाली, म्हणतो ना," मारुतराव दबक्या आवाजात म्हणाले.

"माझ्या कानात कशाला म्हणताय? ज्या भोंग्यावर माझा हात मोडला, त्याच भोंग्यावर म्हणा."

भोंगा दहा पावलांवर होता. मारुतराव गेले नाहीत. पाहुण्यांची गाडी आली, लेझीम सुरू झालं, आणि झुंबरबाई पट्टी तिथंच टेबलावर ठेवून आल्या.

सरांनी पुढं ती पट्टी चिंकाऱ्याच्या पायाशी काचेत ठेवली. वर चिठ्ठी नाही, काही नाही. पण येणारं प्रत्येक पोर विचारतं, एवढ्याशा तुकड्याला केस आहेत आणि मोठ्याला का नाहीत. सर खरं सांगतात. तेवढं धाडस त्यांनी उशिरा का होईना केलं.

पुढच्या पावसाळ्यात शाळेच्या लेझीम पथकाचा ढोल फाटला. शिपाई तो घेऊन हौदावर आला. त्या वेळी बाई हौदात वाकलेल्या होत्या.

"अध्यक्षांनी पाठवलाय. पंधरा ऑगस्टला पाहिजे."

"भोंग्यावर बोलले का?"

शिपायानं नकारार्थी मान हलवून ढोल खांद्यावरून उतरवला.

"मग ठेव तिथं लिंबाखाली. बोलले की त्याच दिवशी मढवून देते."

तीन पंधरा ऑगस्ट झाले. पथक पत्र्याच्या डब्यावर लेझीम खेळतं. येणारे जाणारे विचारतात, म्हातारे, देऊन टाक की आता, पोरांचा काय दोष? बाई सांगतात, पोरांचा न्हाईच, म्हणून तर चामडं कापून तयार ठेवलंय, बघा. आणि खरंच ते हौदाच्या कडेला ताणून वाळलेलं असतं, रोज हळदकुंकू वाहताना त्यांच्या डोळ्यांसमोर. फाटका ढोल लिंबाखाली आहे. त्याच्यात यंदा कोंबडी उबवायला बसली.