चुलतसासऱ्यांचा लाल बावटा

आमच्या चुलतसासऱ्यांना देवानं पृथ्वीवर धाडलं ते केवळ माणसं अडवायला, याबद्दल उभ्या चिंचवड गावात दुमत नव्हतं. सारी हयात त्यांनी रेल्वेच्या फाटकावर काढली होती. स्वतःच्या लेकीचं वऱ्हाड फाटकापलीकडे ताटकळलं, मुहूर्त टळायला आला, तरी मालगाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत त्यांनी फाटक उघडलं नव्हतं. नोकरी सुटली, पण फाटक काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. माजघरातून ओसरीवर येतानाही ते उंबऱ्याशी थांबून उजवीडावीकडे बघत. पंगतीत भात आणि आमटी एकदम आली की वाढप्यांवर ओरडत, "एका टायमाला एकच गाडी!"

सत्तावन्न साली, माझ्या लग्नाच्या वर्षी, फ्लूची साथ आली. घरोघर माणसं गोधडीत शिरून कण्हू लागली आणि चुलतसासरे एकदम तरणेबांड झाले. ट्रंकेतला लाल बावटा बाहेर निघाला. ज्या घरात ताप, त्या घराच्या दारावर लाल फडकं. आतल्यानं बाहेर यायचं नाही, बाहेरच्यानं आत जायचं नाही. त्या घराला भाकरी-कालवण मात्र आळीतल्या धडधाकट घरांनी पाळीपाळीनं पुरवायचं, पायरीवर ठेवून मागं सरायचं. कुणी कुरकुरलं की म्हणत, "आज तुजी पाळी द्यायची हाय, उद्या घ्यायची आसंल. मंग कसं करशील?" विहिरीवरही ते बायकांना एकेक करून सोडत. एक साहेब जीप घेऊन पाहणीला आले आणि थेट तापाच्या घरात शिरू लागले, तर त्यांच्यापुढेही बावटा आडवा. "मला ओळखलं नाहीस का?" साहेब कडाडले. "वळखलं की. पर तापाला कुटं वळख लागती?"

मी तेव्हा कोवळी सून. अक्कल बेताची, रडू भरपूर. पहिली पंचमी माहेरी करायला आळंदीला जायचं होतं. मला भाऊ नाही, म्हणून आईच न्यायला येणार होती. नवं लुगडं मी कितीदा घडी घालून कितीदा मोडलं, देव जाणे. आणि नेमक्या आदल्या दिवशी सासूबाई तापल्या. मला त्यांची काळजी वाटायला हवी होती. मला वाटलं, या बाईंना दोन दिवस दम धरवला नाही का! चुलतसासऱ्यांनी खुद्द भावजयीच्या दारावर फडकं बांधलं, तेव्हा मी चुलीशी बसून त्यांच्या नावानं कडाकडा बोटं मोडली.

आई आळंदीहून दिघीमार्गे टांग्यानं आली. गल्लीच्या मधोमध चुलतसासरे बावटा धरून उभे. "विहीणबाई, हितंच थांबा. म्होरं लाल हाय." आई समोरच्या ओट्यावर टेकली. मी आमच्या ओसरीवर. मध्ये टांगा जेमतेम जाईल एवढी गल्ली. "कशी हायेस गं?" आईनं विचारलं, आणि उत्तरादाखल मी जो गळा काढला तो स्टेशनपर्यंत पोचला असणार. साथ आली ती फक्त मला छळायला, अशी माझी खात्रीच होती.

चुलतसासरे एकदा माझ्याकडे बघत, एकदा आईकडे. मग त्यांनी बावटा गुंडाळला, काखेत मारला आणि भिंतीकडे तोंड केलं. "जावा विहीणबाई. मी काय बघितलं न्हाई."

मी पायरी उतरलेसुद्धा. आई उठली, पदर सावरला आणि एक पाऊल मागं सरली.

"वर जा. माज्या दारी रोज माधुकरीला पोरं येत्यात. तुला पोटाशी धरून उद्या ह्याच हातानं त्यांना वाढू?"

"ती पोरं तुझी, आणि मी कोण गं?"

"तू माजी हायेस, म्हणून तर तुला नगं म्हणता येतं. त्यांच्या आया कुटं लांब बसल्यात. त्यांनी माज्या भरवशावर धाडल्यात."

चुलतसासरे भिंतीकडेच बघत राहिले. आईनं पंचमीच्या लाह्यांचं गाठोडं गल्लीत ठेवलं आणि ती टांग्यात बसली. वेशीपर्यंत ते टांग्याबरोबर चालत गेले. परतले तेव्हा मी ओसरीवरच होते.

"काय म्हणाली आई?"

"म्हनली, पोरगी वाळली."

दुसऱ्या दिवशी भाकरी ठेवायला आले, तेव्हा मी पुन्हा विचारलं. "वाळली, पर कामाला वाघीन हाय, म्हनली." सासूबाई उठल्या, तर दीर झोपले. दारावरचं फडकं काही सुटेना, आणि आईचं बोलणंही संपेना. रोज भाकरीबरोबर एखादं वाक्य यायचं. वेशीपर्यंतच्या तेवढ्या वाटेत माझी अबोल आई जन्मात बोलली नसेल इतकं बोलली होती. एकदा तर तिनं माझ्या हातच्या पुरणपोळीचं कौतुक केलं; मला तेव्हा साधी पोळीही धड लाटता येत नव्हती. मी गंभीर चेहऱ्यानं विचारायची, "आणखी काय म्हणाली?" आणि ते गल्लीपलीकडे उभे राहून, घसा खाकरत, आठवल्यासारखं करायचे.

आता आई नाही, आणि तिचं सांगणारेही नाहीत. त्यातलं तिचं किती आणि त्यांचं किती, हे मी कधी विचारलं नाही. पण श्रावणात कधी दुपारी ओसरीवर बसले, की समोरच्या बाजूला नजर जाते. कुणी येऊन थांबेल का, म्हणून. अजून एखादं वाक्य राहिलं असेल.